टेबलावरची चंद्रभूमी: राख, पुठ्ठा आणि एकाच दिव्यात अवकाशाचे फोटो

ट्रेमध्ये चाळलेली राख आणि तिच्यात पाच-सहा खड्डे. खोलीतली ट्यूब चालू असताना हे बघणाऱ्याला एकच प्रश्न पडतो: हा पसारा आवरणार कधी? मग ट्यूब बंद करायची, पडदे ओढायचे आणि दोन मीटरवरून, जवळजवळ टेबलाच्या पातळीवरून, एक टॉर्च लावायचा. प्रत्येक खड्ड्याची एक कड उजळते, दुसरी काळोखात बुडते आणि लिंबाएवढ्या दगडाची वीतभर सावली पडते. राख तीच असते, पण आता तिच्याकडे बघून कुणी पसारा म्हणत नाही.

ही युक्ती दीडशे वर्षांची जुनी आहे. वाफेच्या हातोड्यामुळे नाव झालेले ब्रिटिश अभियंते जेम्स नॅस्मिथ यांनी जेम्स कार्पेंटर या खगोल अभ्यासकाबरोबर १८७४ साली चंद्रावर एक सचित्र पुस्तक काढलं. दुर्बिणीतून घेतलेल्या तेव्हाच्या फोटोंत चंद्राचे बारकावे उतरत नसत. म्हणून नॅस्मिथ यांनी वर्षानुवर्षं दुर्बिणीतून पाहून चित्रं काढली, त्यावरून प्लास्टरची मॉडेल घडवली आणि ती तिरप्या उन्हात ठेवून त्यांचे फोटो काढले. पर्वतांच्या वळ्या कशा पडत असतील हे सांगायला त्यांनी सुरकुतलेल्या हाताचा आणि सुकलेल्या सफरचंदाचाही फोटो छापला. आज ते फोटो बघताना हे प्लास्टर आहे, हे मनाला बजावावं लागतं.

मॉडेलवर आठ दिवस घालवणारी माणसं दिव्यावर आठ मिनिटंही घालवत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचे फोटो खेळण्याचे वाटतात. या कामात दोन गोष्टी लपवायच्या असतात. एक, खोलीतली हवा आणि तिच्याबरोबर येणारा मऊ, सगळीकडून झिरपणारा उजेड. दुसरी, वस्तूचा लहानपणा. पुढचं सगळं याच दोन लपवालपवींबद्दल आहे.

आधी प्रमाण ठरवा

सुरुवात १:२४ या प्रमाणाने करावी असं मी सुचवेन. चांद्रयान-३ मधला विक्रम लँडर साधारण २ मीटर लांब-रुंद होता. या प्रमाणात तो सव्वाआठ सेंटिमीटरचा होतो. प्रज्ञान रोव्हर सुमारे ९२ सेंटिमीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये पावणेचार सेंटिमीटर. उभा अंतराळवीर साडेसात सेंटिमीटरचा. हे आकार हाताला झेपतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॅमेराही झेपतो. माणसाच्या डोळ्यांची उंची दीड मीटर धरली तर या प्रमाणात लेन्स जमिनीपासून सव्वासहा सेंटिमीटरवर हवी. १:७२ घेतलं तर तीच उंची दोन सेंटिमीटर होते आणि मोठा कॅमेरा तिथे शिरतच नाही.

आता अडचण क्षितिजाची. साठ सेंटिमीटरची फळी म्हणजे १:२४ मध्ये जेमतेम चौदा मीटर जमीन. चंद्रावर उभ्या माणसाला क्षितिज सुमारे २.४ किलोमीटरवर दिसतं. तेवढी फळी आणायची तर शंभर मीटरची लागेल. म्हणून मागच्या भागात सरळ खोटं बोलायचं: पुढे १:२४, मधे त्याच्या निम्मं आणि शेवटच्या पट्ट्यात बोटभर उंचीचे डोंगर, जे बघणाऱ्याने मैलभर लांबचे समजावेत. दगड पुढून मागे लहान होत जायला हवेत, खड्डे जास्त चपटे. फळीची मागची कड एका उतरत्या उंचवट्यामागे दडवायची. पृथ्वीवरच्या निसर्गदृश्यात ही फसवणूक लगेच उघडी पडते, कारण लांबचा डोंगर हवेमुळे निळसर आणि फिका दिसतो. चंद्रावर हवा नाही. तिथे लांबचा डोंगरही समोरच्या दगडाइतकाच स्वच्छ दिसतो. अपोलोच्या अंतराळवीरांना याच कारणाने अंतरांचा अंदाज येत नसे. त्यांची ती गैरसोय आपल्या पथ्यावर पडते.

जमीन

वाळू वापरू नका. हा सल्ला आधीच देतो, कारण पहिल्यांदा सगळे वाळूच घेतात. चंद्रावरच्या मातीचा कण सरासरी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असतो. वाळूचा एक मिलिमीटरचा दाणा १:२४ मध्ये अडीच सेंटिमीटरचा खडा दिसतो आणि जमीन खडीच्या ढिगासारखी होते. शिवाय कोरडी वाळू ठसा धरत नाही. चंद्रावरच्या बुटांचे ठसे इतके रेखीव दिसतात, कारण तिथल्या कणांना धारदार कोपरे आहेत. वारा-पाण्याने ते झिजून गोल झालेले नाहीत, म्हणून एकमेकांत अडकून राहतात. कुठलीही पूड घ्या आणि बोट दाबून बघा. बोटाच्या रेषा उमटल्या आणि कडा ढासळल्या नाहीत, तर पूड कामाची.

लाकडाची राख मला सगळ्यांत आवडते. दोनदा चाळायची: एकदा साध्या चाळणीतून, नंतर पातळ कापडातून. चाळून उरलेले खडे फेकू नयेत, तेच आपले दगड. प्लास्टर ऑफ पॅरिसची कोरडी पूडही चालते. सिमेंट दिसायला अगदी हुबेहूब, पण ओल लागली की त्वचेला आणि डोळ्यांना भाजतं, म्हणून मी ते घरात आणत नाही. पूड कुठलीही असो, चाळताना मास्क लावा आणि त्या खोलीत कॅमेऱ्याची लेन्स बदलू नका. मी एकदा बदलली होती. पुढचे कित्येक फोटो आकाशात त्याच जागी तोच करडा ठिपका घेऊन आले.

रंगाबाबत डोळा फसवतो. काळ्या आकाशात चंद्र पांढराशुभ्र दिसतो, पण त्याची जमीन पडलेल्या उजेडापैकी जेमतेम १२ टक्के परत फेकते. झिजलेला डांबरी रस्ता साधारण तेवढाच गडद असतो. राखेत लाकडी कोळशाची वस्त्रगाळ पूड मिसळत जा आणि हाताला काळं जास्त झालंय असं वाटलं की थांबा. बहुधा तेवढंच बरोबर असतं.

उंचसखल पाया थर्माकोलचे तुकडे आणि चुरगळलेल्या वर्तमानपत्राने करावा, वर प्लास्टरचा हात. पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर गाठी होतात. आळताना प्लास्टर चांगलंच तापतं, म्हणून ठसे घेण्याच्या हौसेपायी त्यात हात रोवू नका. उरलेलं बेसिनमध्येही ओतू नका, ते नळीत दगड होऊन बसेल. पाया ओलसर असतानाच वरून पुडीचा पहिला थर चाळला की तो चिकटून राहतो. तो वाळला की वर दोन-तीन सेंटिमीटर सुटी पूड.

खड्डे चमच्याने कोरले तर वाटीसारखे होतात, आणि नवशिक्याचं काम तिथेच ओळखू येतं. चंद्रावरच्या लहान, ताज्या विवराची खोली रुंदीच्या साधारण पाचव्या भागाइतकी असते. दहा सेंटिमीटर रुंद खड्डा दोनच सेंटिमीटर खोल. मोठी विवरं याहून कितीतरी उथळ. टायको हे चंद्रावरचं विवर ८५ किलोमीटर रुंद आहे आणि पाच किलोमीटरही खोल नाही; सतरा सेंटिमीटरचा टायको करायचा तर खोली एका सेंटिमीटरच्या आत ठेवावी लागेल. मात्र त्याच्या मधोमध एक शिखर हवं आणि आतल्या भिंतींना ढासळलेल्या पायऱ्या हव्यात. लहान विवरांना शिखर नसतं. तिथे शिखर काढून ठेवलं की जाणकार हसतात.

लहान विवरांसाठी खरोखरच आघात करा. सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे घ्या आणि हातभर उंचीवरून सोडा. आत रुतलेला छर्रा बोटाने उकरला तर खड्ड्याची कड मोडते. त्याऐवजी वर लोहचुंबक धरा, छर्रा अलगद उडी मारून येतो. आणखी एक करून बघण्यासारखं आहे. खाली पांढऱ्या पुडीचा थर द्या, वर गडद राख अगदी पातळ चाळा आणि मग छर्रा टाका. आतली पांढरी पूड बाहेर उडते आणि खड्ड्याभोवती उजळ पट्टे फाकतात, टायकोभोवती दिसतात तसे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी फोटो काढायचा विसरून छर्रेच टाकत बसलो होतो.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ च्या सुमारास असंच ओल्या चिकणमातीत बंदुकीच्या गोळ्या टाकून पाहिलं होतं. खड्डे चंद्रासारखे पडले, पण एवढे दगड आकाशातून येणार कुठून, म्हणून त्याने ते स्पष्टीकरण बाजूला ठेवलं आणि उकळत्या पुडीतून फुटणाऱ्या बुडबुड्यांकडे झुकला. नॅस्मिथही ज्वालामुखीवालेच. दोघांचं निदान चुकलं, मॉडेलं मात्र जमली.

क्रम असा ठेवा: आधी मोठी विवरं, मग वरून पुडीची हलकी चाळ, मग मधली, पुन्हा चाळ, शेवटी बारीक छर्र्यांचा मारा. चाळीमुळे जुन्या विवरांच्या कडा बोथट होतात आणि नवी धारदार राहतात. मोठी थोडी, बारीक पुष्कळ, आणि एखादं नवं जुन्याच्या कडेवर चढलेलं. सारख्या अंतरावर मांडलेली विवरं म्हणजे इडलीपात्र.

यान

यानावर फार लिहीत नाही, कारण लोक इथे मनापासून रमतात आणि त्यांना सांगावं लागत नाही. पेनाची टोपणं, इंजेक्शनची नळी, बिघडलेल्या रिमोटमधलं सर्किट, घड्याळाची चाकं, जुन्या प्लास्टिक किटमधले उरलेले भाग. लँडरचे पाय स्ट्रॉचे किंवा तारेचे, पायांखाली शर्टाची बटणं. सगळं जोडून झालं की एकदा अख्ख्या यानावर मॅट करडा प्रायमर मारा. त्याआधी ते भंगाराचं गाठोडं असतं; एकच रंग चढला की टोपण टोपण राहत नाही, टाकी होतं. मग कोरड्या ब्रशने कडांवर किंचित उजळ रंग ओढायचा आणि पॅनेलच्या रेषा टोकदार पेन्सिलीने मारायच्या. चकचकीत रंग टाळा. त्यात टॉर्चचं गोल प्रतिबिंब उमटतं आणि यान अंगठीएवढं आहे हे जगजाहीर होतं.

खऱ्या यानांचं सोनेरी आवरण सोन्याचं नसतं. पिवळसर पॉलिइमाइड फिल्मच्या मागच्या बाजूला अॅल्युमिनियमचा लेप असतो, म्हणून ती सोनेरी दिसते. असे बरेच थर एकावर एक रचून उष्णतेपासून बचाव करतात. मॉडेलवर भेटवस्तू गुंडाळायचा पातळ सोनेरी कागद चुरगळून, पुन्हा सपाट करून चिकटवा. सुरकुत्या जितक्या बारीक तितकं यान मोठं वाटतं. पण एक तिढा आहे. चकाकता कागद म्हणजे आरसा, आणि अंधाऱ्या खोलीत आरशाला दाखवायला काहीच नसतं, त्यामुळे तो फोटोत काळा येतो. चौकटीच्या बाहेर, दिव्याच्या विरुद्ध बाजूला, पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद धरून हळूहळू फिरवा. एका विशिष्ट कोनात सगळं सोनं एकदम पेटतं. कार्ड तिथेच टेकवून ठेवा.

रोव्हर ठेवण्याआधी चाकं जमिनीवरून एकदाच, सरळ फिरवून घ्या. ठसे नंतर रंगवता येत नाहीत. मग चिमट्याने रोव्हर उचलून ठशांच्या टोकाला ठेवा. बुटांचे ठसे शेवटी, मागून पुढे. उलट केलंत तर आपल्याच मनगटाने ते पुसले जातात.

एकच दिवा

आता खरं काम. सूर्याचा व्यास आणि त्याचं अंतर यांचं प्रमाण साधारण १:१०८ आहे, म्हणून तो आकाशात अर्ध्या अंशाचा दिसतो आणि सावलीच्या कडेला एक ठराविक, अगदी थोडा मऊपणा येतो. हेच गणित टेबलावर आणायचं: दिव्याच्या उजळ भागाची जेवढी रुंदी, त्याच्या १०८ पट लांब तो दिवा. मोबाईलचा पाच मिलिमीटरचा फ्लॅश साधारण ५४ सेंटिमीटरवर सूर्यासारखी सावली देतो. पण तीन सेंटिमीटर तोंडाचा टॉर्च सव्वातीन मीटरवर न्यावा लागेल. तेवढी खोली नसेल तर टॉर्चच्या तोंडावर काळं कार्ड लावून त्याला दोन सेंटिमीटरचं गोल भोक पाडा आणि दिवा दोन मीटरवर ठेवा. हिशेब जवळजवळ तंतोतंत बसतो.

मग मोबाईलचा फ्लॅश अर्ध्या मीटरवर का नको? सावली चालेल, पण उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. फळीच्या जवळच्या कडेपासून दिवा ५० सेंटिमीटरवर आणि फळी ५० सेंटिमीटरची, तर लांबच्या कडेला उजेड पावपट उरतो. चंद्रावर सूर्य पुढच्या दगडाला जास्त आणि मागच्याला कमी, असा भेद करत नाही. दोन मीटरवरून हाच फरक इतका कमी होतो की डोळ्याला खटकत नाही. ताडून बघायचं असेल तर फळीच्या दोन टोकांना दोन काड्या उभ्या खोचा आणि वरून बघा. सावल्या पंख्यासारख्या फाकत असतील तर दिवा अजून मागे न्या.

उंची कमी ठेवा. अपोलो ११ उतरलं, २० जुलै १९६९ रोजी, तेव्हा तिथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ११ अंशांवर होता. सकाळची ती वेळ मुद्दाम निवडलेली होती, लांब सावल्यांमुळे खड्डे आणि दगड ओळखता यावेत म्हणून. आपल्यालाही तेच हवं आहे. दोन मीटरवरचा दिवा जमिनीच्या पातळीपासून ४० सेंटिमीटर वर ठेवला की ११ अंश होतात आणि सावली वस्तूच्या पाचपट लांब पडते. दिवा कॅमेऱ्याच्या मागे नको, तिथून सगळं सपाट होतं. बाजूला किंवा थोडा समोर हवा. थेट वरून, उपग्रहातून काढल्यासारखा फोटो काढणार असाल तर उजेड चौकटीच्या वरच्या बाजूने येऊ द्या. खालून आला तर बघणाऱ्याचा मेंदू खड्ड्यांना टेकड्या समजतो.

दुसरा दिवा लावू नका. सावल्या फार काळ्या वाटतात, थोडा भराव, म्हणजे सावलीत शिरणारा जादा उजेड, देऊ या, हा मोह प्रत्येकाला होतो. चंद्रावर भराव देणारी एकच गोष्ट असते, उजळलेली जमीन, आणि ती टेबलावरही आपलं काम आपोआप करते. उलट खोलीच चोरून भराव देत असते. एका रात्री माझ्या सावल्या काही केल्या काळ्या होईनात. दिवा बदलला, कोन बदलला, पडद्याची फट बुजवली. तासाभराने लक्षात आलं की मी पांढरा बनियन घालून मॉडेलच्या बाजूला वाकलेलो होतो. तेव्हापासून फोटोच्या वेळी गडद शर्ट, आणि जवळच्या भिंतीवर काळी चादर.

आकाशासाठी काळी मखमल, फळीच्या मागच्या कडेपासून निदान मीटरभर लांब आणि दिव्याच्या झोतापासून बाजूला. काळा कार्डपेपर उजेडात करडा दिसतो. मखमलीचे उभे धागे उजेड गिळतात. तारे टाकू नका. अपोलोच्या फोटोंत तारे नाहीत, कारण उन्हातल्या जमिनीसाठी शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाइतकंच उघडत होतं आणि तेवढ्यात तारे फिल्मवर उमटत नाहीत.

कॅमेरा

लहान वस्तूच्या जवळ गेलं की थोडाच भाग फोकसमध्ये येतो, बाकी धूसर. ही धूसर झालर म्हणजे खेळण्याची सही. खऱ्या निसर्गदृश्यात समोरचा दगड आणि लांबचा डोंगर दोन्ही स्पष्ट असतात.

मोबाईलवाल्यांनी इथे खुशाल हसावं. मोबाईलचा सेन्सर चिमुकला असल्याने त्याची फोकसची खोली मोठ्या कॅमेऱ्याहून बरीच जास्त असते. मोबाईल उलटा धरा, म्हणजे लेन्सचा कोपरा खाली येतो आणि पुडीच्या अगदी जवळ जातो. फोटो नंतर फिरवता येतो. सोळा-वीस सेंटिमीटरवरून साध्या लेन्सने काढा. आपोआप मॅक्रोत (अगदी जवळच्या फोटोंच्या मोडमध्ये) शिरणारा फोन असेल तर ती सोय बंद करा. एचडीआर आणि नाइट मोडही बंद, कारण आपण कष्टाने काळ्या केलेल्या सावल्या उजळणं हेच त्यांचं काम. दगडाच्या उजळ बाजूवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर पक्कं करा, मग एक्स्पोजरची पट्टी खाली ओढा.

मोठ्या कॅमेऱ्यावर वाइड लेन्स, आयएसओ (सेन्सरची उजेडाला दाद द्यायची क्षमता) १००, अॅपर्चर एफ ११ ते एफ १६ (आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र लहान), आणि शटर लागेल तेवढं लांब. ट्रायपॉडवर पाच सेकंद झाले तरी मॉडेल हलत नाही. एफ २२ च्या पलीकडे जाऊ नका, छिद्र फार लहान झालं की प्रकाशाच्या विवर्तनाने सगळाच फोटो मऊ पडतो. एवढं करूनही पुढचा किंवा मागचा भाग धूसर राहिला तर फोकस स्टॅकिंग करा: कॅमेरा न हलवता फोकस पुढून मागे सरकवत आठ-दहा फोटो काढायचे आणि फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे. शटर हाताने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. त्या दोन सेकंदांत श्वासही दुसरीकडे सोडा. शिंकेने माझं एक अख्खं विवर गेलं आहे.

एक्स्पोजर ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा एवढा काळोख बघून घाबरतो आणि सगळं उजळून टाकतो. दीड-दोन स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). उजळ कडा फटफटीत पांढऱ्या होता कामा नयेत. सावल्या काळ्या झाल्या तर होऊ द्या.

आकाशात पृथ्वी

पृथ्वी टाकताना सगळे ती परातीएवढी टाकतात. चंद्रावरून पृथ्वी जेमतेम दोन अंशांची दिसते, म्हणजे आपल्याला इथून चंद्र दिसतो त्याच्या पावणेचारपट रुंद. फोटोची रुंदी साठ अंशांची असेल तर पृथ्वी त्या रुंदीच्या तिसाव्या भागाइतकी. मॉडेलमध्ये ती संगणकावर न चिकटवता खरोखर टांगता येते: दोन सेंटिमीटरची, निळा-पांढरा रंग दिलेली गोटी लेन्सपासून साठ सेंटिमीटरवर, काळ्या दोऱ्याने. दोन अंशांचं माप बरोबर बसतं, आणि मोठा फायदा म्हणजे तिची उजळ बाजू आपोआप जमिनीवरच्या सावल्यांशी जुळते. उजेड डावीकडून आणि पृथ्वीची कोर उजवीकडे, असले घोटाळे मग होतच नाहीत.

जुन्या फोटोची गंमत हवी असेल तर बारीक काळी अधिक चिन्हंही टाका. अपोलोच्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यांत फिल्मसमोर एक काचेची पट्टी असे, तिच्यावर दहा-दहा मिलिमीटरवर पाच ओळींत पाच अशी पंचवीस चिन्हं कोरलेली. फोटोवरून मापं काढताना ती उपयोगी पडत. एडिटिंगमध्ये याशिवाय फार काही करू नका: रंग जवळजवळ काढून टाका, दोरा पुसा, काळा आणखी काळा करा. आणि कुठे टाकलात तर मॉडेल आहे असं लिहा. लोक खरं समजून पुढे पाठवतात, आणि मग कापराएवढ्या खड्यावरून वाद पेटतात.

मंगळ, आणि साबणाचा गुरू

चंद्र जमला की मंगळ सोपा वाटतो, पण नियम उलटे होतात. तिथे विरळ का होईना हवा आहे आणि तिच्यात बारीक धूळ तरंगते. म्हणून आकाश काळं नको, फिकट पिवळसर-तपकिरी हवं. सावल्यांत थोडा उजेड हवा, म्हणजे इथे नारिंगी छटेचा कागद भराव म्हणून चालतो. आणि लांबचे डोंगर फिके. मातीसाठी गेरू. मंगळाचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा आणि गेरूचाही त्याचाच, त्यामुळे रंग जुळवत बसावं लागत नाही. फक्त तो जपून चाळा, कपड्यांवरून जात नाही. मावळतीचं दृश्य करणार असाल तर सूर्याभोवती निळसर झाक द्या. क्युरिऑसिटी रोव्हरने २०१५ साली मंगळावरचा तसाच निळा सूर्यास्त टिपला आहे.

राखेचा कंटाळा आला असेल, तर एका संध्याकाळचं काम म्हणजे साबणाच्या फुग्यातला ग्रह. पाण्यात भांडी घासायचा द्रव साबण आणि थोडं ग्लिसरीन घालून हलवा, तासभर ठेवा. एका बाटलीचं झाकण आतून ओलं करून त्यावर स्ट्रॉने अर्धा फुगा फुगवा. मागे तीच काळी मखमल. इथे मात्र एकच लहान दिवा नको, कारण फुगा रंग दाखवतो तो प्रतिबिंबातून. त्याच्या वर पांढरा कागद आडवा धरा आणि दिवा त्या कागदामागून लावा. कागदाचं प्रतिबिंब पडेल तेवढ्याच भागात रंगांचे पट्टे दिसतील. हलकी फुंकर मारली की ते पट्टे घुसळतात, भोवरे होतात आणि गुरूच्या ढगांसारखे वाहू लागतात. आयएसओ वाढवा, शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाहून जलद ठेवा आणि लागोपाठ काढत राहा. वरचं पाणी खाली उतरत जातं तशी फुग्याची साल पातळ होते आणि माथ्यावर एक काळा डाग उगवतो. तिथली साल इतकी पातळ झालेली असते की ती उजेड जवळजवळ परतवतच नाही. डाग पसरू लागला की बोट शटरवरून काढू नका, फुगा फुटायला आता काही क्षणच उरलेले असतात.